चौसष्ट घरांतले अक्षर

संगणकीय खेळांच्या पडद्यावर, संगीतसभांच्या भित्तिपत्रकांवर आणि तयार कपड्यांवर गेल्या काही वर्षांत एक विशिष्ट वळणाचे रोमन अक्षर वारंवार दृष्टीस पडू लागले आहे. त्याला गोलाई नाही, त्याच्या तिरक्या रेषा पायऱ्यापायऱ्यांनी चढतात, आणि जवळून निरखले असता सारख्या मापाचे काही चौकोन एकमेकांस लावून ठेवले आहेत, यापलीकडे त्याच्या शरीरात दुसरे काहीही नाही असे ध्यानात येते. पिक्सेल फॉन्ट या नावाने ते ओळखले जाते. जुन्या यंत्रांची आठवण करून देणारा एक शोभेचा प्रकार म्हणून आज त्याची योजना होत असली, तरी जन्मकाळी शोभेचा विचार करण्याची सवड कोणालाच नव्हती; यंत्राच्या स्मृतीची महागाई, पडद्याचा ठोकळपणा आणि वाचणाऱ्याची घाई या तिहींच्या कैचीत सापडलेल्या कारागिरांनी हाती असलेल्या तुटपुंज्या सामग्रीतून ते सिद्ध केले, आणि म्हणूनच त्याच्या उत्तम नमुन्यांत असा एकही ठिपका सापडत नाही की ज्याच्याबद्दल जाब विचारला असता उत्तर मिळू नये. हा जाब देण्याचा गुण ज्या आधुनिक टंकांत टिकला आहे तेच मला आदरणीय वाटतात, आणि त्या गुणाची ओळख वाचकांस करून द्यावी हा या लेखाचा हेतू आहे.

अक्षराचे ठिपक्यांत विघटन करण्याची कल्पना या खेळांच्याही आधीची आहे. जर्मनीतील रुडॉल्फ हेल यांच्या कारखान्याने १९६५ च्या सुमारास डिजिसेट नावाचे जुळणीयंत्र बाजारात आणले; त्यात धातूचे खिळे नव्हते, तर कॅथोड किरणांच्या नळीवर अक्षरे बारीक ठिपक्यांनी उमटविली जात. अशा नळीवर शतकानुशतकांची रुळलेली वळणे कशी विस्कटतात हे पाहून विम क्राउवेल या डच आरेखकाने १९६७ साली ‘न्यू अल्फाबेट’ नावाची एक वर्णमाला प्रसिद्ध केली, आणि तीत जवळजवळ सर्व अक्षरे केवळ उभ्या-आडव्या रेषांनी व कोपऱ्यांवरील तिरप्या छेदांनी बांधली. ती वाचावयास अतिशय कठीण होती, आणि खुद्द क्राउवेल यांनाही तिच्याकडून नित्याच्या वाचनाची अपेक्षा नव्हती. परंतु यंत्राने जुन्या अक्षराची नक्कल करीत बसावे, की अक्षरानेच यंत्राचा स्वभाव ओळखून नवे रूप घ्यावे, हा प्रश्न तिने स्पष्ट शब्दांत मांडून ठेवला.

या प्रश्नाचे सर्वांत खणखणीत उत्तर नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांनी दिले. अमेरिकेतील अटारी कंपनीच्या एका उपकंपनीने १९७६ साली ‘क्विझ शो’ नावाचा प्रश्नोत्तरांचा खेळ काढला, आणि त्यासाठी आठ ओळी व आठ रकाने अशा चौसष्ट घरांच्या चौकटीत बसणारी एक वर्णमाला मुक्रर करण्यात आली. पुढे जपानमधील नाम्को कंपनीने तीच वर्णमाला किरकोळ फेरफार करून आपल्या खेळांत घेतली, ‘पॅक-मॅन’सारख्या १९८० सालच्या खेळाबरोबर ती जगभर पोहोचली, आणि इतरांनी तिची मुक्तपणे उचल केल्यामुळे आज पिक्सेल अक्षर म्हटले की जे रूप मनासमोर उभे राहते ते बहुतांशी याच घराण्याचे असते. तोशी ओमागारी या जपानी अक्षररचनाकाराने नाणेयंत्रांतील शेकडो वर्णमालांचा संग्रह करून २०१९ साली त्यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामुळे या अनामिक कारागिरीची रीतसर नोंद झाली, ही समाधानाची गोष्ट होय.

या वर्णमालेतील पहिलेच अक्षर, रोमन ‘ए’, कसे बसविले आहे ते पाहण्याजोगे आहे. चौसष्ट घरांपैकी उजवीकडचा शेवटचा रकाना आणि तळाची शेवटची ओळ ही दोन्ही मोकळी सोडलेली असतात, जेणेकरून शेजारचे अक्षर आणि खालची ओळ अंगाला भिडू नये. अर्थात अक्षराच्या वाट्याला सात ओळी आणि सात रकाने एवढीच जमीन उरते. पहिल्या ओळीत मधोमध तीन ठिपके, दुसऱ्या ओळीत दोन ठिपके, एक घर रिकामे आणि पुन्हा दोन ठिपके, तिसऱ्या व चौथ्या ओळीत दोन्ही टोकांस दोन-दोन, पाचव्या ओळीत सातही घरे भरलेली, हीच ‘ए’ची आडवी दांडी, सहावी आणि सातवी ओळ तिसरीसारखी, आणि आठवी रिकामी. भरलेल्या घरास एक आणि रिकाम्या घरास शून्य मानले, तर प्रत्येक ओळ ही आठ अंकांची एक द्विमान संख्या होते, आणि तो सबंध ‘ए’ यंत्राच्या दप्तरी ५६, १०८, १९८, १९८, २५४, १९८, १९८ आणि ० अशा आठ आकड्यांच्या रूपाने जमा होतो. या तीस ठिपक्यांतील एक जरी इकडचा तिकडे केला, तरी अक्षराचा तोल ढळल्याचे अनभ्यस्त डोळ्यालाही जाणवते.

यात उभ्या रेषा दोन ठिपके जाड आणि आडवी दांडी एकच ठिपका जाड आहे, ही तफावत लक्षात घेण्यासारखी आहे. नळीच्या पडद्यावर किरण आडवा धावत असल्यामुळे आडवी रेषा सलग व उजळ उमटते. उभी रेषा मात्र प्रत्येक ओळीत क्षणमात्र पेटणाऱ्या एकेका ठिपक्याची बनलेली असल्याने फिकी पडण्याचा संभव अधिक. घरच्या टीव्हीला जोडावयाच्या संगणकांत तर एकेरी उभी रेषा भलत्याच रंगांनी माखून निघे, आणि म्हणून १९८२ सालच्या कमोडोर ६४ या यंत्राच्या वर्णमालेतही उभ्या रेषा दुहेरीच ठेवलेल्या आढळतात. परंतु या दुहेरीपणाची किंमत ‘एम’सारख्या रुंद अक्षराला मोजावी लागते. त्याचे दोन खांब चार रकाने खातात, आणि मधली दरी दाखविण्यास अवघे तीन रकाने शिल्लक राहतात. नाणेयंत्रांच्या कारागिराने दुसऱ्या ओळीत दोन्ही खांबांच्या आतल्या अंगास एकेक ठिपका जोडला, तिसरी आणि चौथी ओळ सबंध भरून टाकली, आणि पाचव्या ओळीत मधोमध एकच ठिपका ठेवून तिथे दरीचे टोक दाखविले. तिसरी आणि चौथी ओळ सुटी पाहिली तर तो निव्वळ काळा पट्टा आहे. सबंध अक्षर पाहिले तर बिनचूक ‘एम’ दिसतो. वाचकाचा डोळा किती पुरवून घेईल याचा असा नेमका अंदाज ज्याला करता आला, त्याची योग्यता खिळे कोरणाऱ्या जुन्या उस्तादांपेक्षा उणी मानण्याचे कारण नाही.

सव्वीस अक्षरे आणि दहा अंक यांचा सारा कारभार या पद्धतीने २८८ बाइटांत आटोपतो, आणि ज्या काळी स्मृतीच्या प्रत्येक बाइटाचा जमाखर्च मांडावा लागे त्या काळी याचे महत्त्व केवढे असेल हे सांगावयास नको. यंत्राची रचनाही अशीच होती की, चित्र काय किंवा अक्षर काय, पडद्यावर जे उमटवावयाचे ते आठ-आठ ठिपक्यांच्या चौकोनी फरश्यांत तोडूनच त्याच्या स्वाधीन करावे लागे. ‘पॅक-मॅन’चा उभा पडदा २२४ ठिपके रुंद आणि २८८ ठिपके उंच असल्याने त्यात २८ रकाने आणि ३६ ओळी भरत. जपानी भाषेची अडचण याहून मोठी. कांजी ही शब्दचिन्हे बहुतेक किचकट असल्याने चौसष्ट घरांत मावणे कठीण, म्हणून १९८३ सालच्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावरील बहुतेक खेळ केवळ काना या उच्चारदर्शक लिपीत लिहिले गेले. १९८६ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या खेळाच्या कर्त्यांनी तर जागा वाचविण्यासाठी तिच्यातील कटाकाना प्रकाराची मोजकीच अक्षरे ठेवली, आणि राक्षसांची व शहरांची नावे त्या अक्षरांत बसतील अशीच शोधली. टंकाच्या मर्यादेने कथेतील नावे ठरविल्याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

नाणेयंत्रांतील प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळे, मग तो सडसडीत ‘आय’ असो की ऐसपैस ‘एम’. हा शिरस्ता ज्या यंत्राने सर्वसामान्य ग्राहकासाठी मोडला ते म्हणजे १९८४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेले ॲपल कंपनीचे मॅकिंटॉश. त्याचा पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा आणि केवळ काळा-पांढरा होता. त्यावरील अक्षरांचे व चिन्हांचे काम सुझन केअर या कलाशिक्षित स्त्रीकडे सोपविण्यात आले, आणि मोझाइक व सुईकाम यांचा हाताला सराव असल्यामुळे ठिपक्यांचे हे काम आपणांस परके वाटले नाही असे तिने पुढे सांगितले आहे. तिने यंत्राच्या मुख्य कारभारासाठी जो टंक केला त्याचे नाव शिकागो. आरंभी या टंकांना फिलाडेल्फियाजवळच्या एका लोहमार्गावरील छोट्या स्थानकांची नावे देण्याची तजवीज होती, परंतु नावे द्यावयाची तर जगप्रसिद्ध शहरांची द्या, असा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह पडला. शिकागोच्या रेषा उभ्या, आडव्या किंवा नेमक्या ४५ अंशांत तिरप्या असल्यामुळे पायऱ्यांचा खडबडीतपणा त्यात कमीत कमी भासतो. त्याची दुसरी खुबी याहून सूक्ष्म आहे: यादीतील एखादी आज्ञा त्या वेळी लागू नसेल तर ती फिकी दाखविण्यासाठी अक्षरातील एकाआड एक ठिपका पुसून टाकीत, आणि उभ्या रेषा दोन ठिपके जाड असल्याने अर्धे ठिपके गेल्यावरही शब्द वाचता येई. पुढे मॅकिंटॉशवरून शिकागो निवृत्त झाला, तरी २००१ साली पहिल्या आयपॉडच्या लहानशा पडद्यासाठी त्याचीच पुन्हा नेमणूक झाली.

त्याच मॅकिंटॉशवर कॅलिफोर्नियात झुझाना लिच्को या ब्रातिस्लाव्हा येथे जन्मलेल्या आरेखिकेने १९८५ साली एम्परर, ओकलंड आदी टंक रचले, आणि पिक्सेल अक्षराच्या चरित्रात हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. केअर यांच्यापुढे यंत्र चालविण्याची गरज होती. लिच्को यांच्यावर तशी सक्ती नव्हती. छापील अक्षरांची ठिपक्यांतून मोडकीतोडकी नक्कल करण्यापेक्षा ठिपका हाच मूळ घटक धरून अक्षर बांधावे, आणि ते बेधडक कागदावर छापावे, अशी त्यांची भूमिका होती. एमिग्रे या नियतकालिकात ही अक्षरे छापून आली. या टंकांच्या नावापुढील आठ, दहा, पंधरा हे आकडे अक्षराची उंची ठिपक्यांत सांगतात, आणि प्रत्येक उंचीसाठी आरेखन स्वतंत्र आहे. आठ ठिपक्यांचे अक्षर फुगवून पंधराचे केलेले नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०११ साली प्रथमच जे तेवीस संगणकीय टंक आपल्या संग्रहात दाखल करून घेतले, त्यांत ओकलंडचा समावेश आहे. शोभेचे अक्षर म्हणून पिक्सेल टंकाचा इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

आजचा पिक्सेल टंक हा वस्तुतः ठिपक्यांचा नसतोच; तो बाह्यरेषांनी आखलेल्या चौकोनांचा असतो. आरेखकाने अक्षराच्या उंचीचे १०२४ एकक धरले आणि आठ ओळींत वाटणी केली, तर एका चौकोनाला १२८ एकक येतात, आणि मग कोणतीही कड या पटीबाहेर जाऊ न देण्याचा नियम त्याला स्वतःवर लादून घ्यावा लागतो. लगतचे चौकोन एकत्र वितळवून त्यांची एकच बाह्यरेषा केली पाहिजे. ते सुटे ठेवले तर पडद्यावर दोन चौकोनांच्या सांध्यात केसाएवढी फट चमकते. अक्षरांमधील अंतराचे फेरफारही सबंध ठिपक्यांतच करावे लागतात. नाम्कोच्या वर्णमालेवरून केलेला आणि मुक्त परवान्याने मिळणारा ‘प्रेस स्टार्ट टू पी’ हा टंक आज सर्वत्र वापरला जातो, तो आठच्या पटीत, म्हणजे आठ, सोळा, चोवीस अशा मापांतच लावावा अशी शिफारस आहे; जेसन कॉटके यांनी १९९९ साली संकेतस्थळांवरील बारीक मजकुरासाठी काढलेल्या ‘सिल्कस्क्रीन’चाही नियम हाच. मधलेच एखादे माप दिले तर टंकातील चौकोन आणि पडद्याचे ठिपके यांचा मेळ बसत नाही, कडांवर करडी छटा साचते, आणि ज्या रेखीवपणासाठी हे अक्षर निवडले तोच नाहीसा होतो. हा दोष मी इतक्या जाहिरातींत पाहतो की, टंक उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाने हा एक नियम तरी ध्यानात ठेवावा अशी माझी कळकळीची सूचना आहे.

उपयोगाच्या बाबतीत माझे मत निश्चित आहे. हे अक्षर मथळ्याचे, नावाचे, आकड्याचे, फार तर एका वाक्याचे आहे. त्यात परिच्छेद छापणे म्हणजे वाचकाच्या डोळ्यांवर जुलूम करणे होय, कारण बहुतेक अक्षरांची रुंदी व काळेपणा सारखा असल्याने शब्दाची आकृती उठून दिसत नाही. ‘शॉव्हेल नाइट’सारख्या २०१४ सालच्या खेळात ते शोभते, कारण तेथील चित्रेही त्याच ठिपक्यांची आहेत, चित्रातील ठिपका लहान आणि अक्षरातील मोठा असा विसंवाद जेथे असतो तेथे सारा देखावा ढासळतो. पडद्याबाहेरही त्याला जागा आहे. आमच्या घरोघरी दसुतीच्या कापडावर फुल्यांच्या टाक्याने ‘सुस्वागतम्’ भरण्याची जी रीत होती, तिचा नकाशा आणि पिक्सेल अक्षराचा नकाशा यांत तत्त्वतः भेद नाही. भरतकाम, विणकाम, फरशीकाम यांना असे टंक आयतेच उपयोगी पडतात.

दसुतीवरील त्या देवनागरीचा उल्लेख झालाच आहे, तर आपल्या लिपीचा विचार केल्यावाचून हा विषय सोडता येत नाही. शिरोरेषा आणि काना या आडव्या व उभ्या सरळ रेषा असल्यामुळे देवनागरीचा सांगाडा चौकटीला मूळचाच अनुकूल आहे. अडचण येते ती मजल्यांची. ‘कुर्ला’ हा रोजच्या वापरातील शब्द घ्या: त्याला शिरोरेषेच्या वर रफार हवा, खाली उकार हवा, आणि मध्ये ‘क’ची गाठ व ‘ल’ची वळणे हवीत. आठ ओळींतून वरची दोन, शिरोरेषेची एक आणि खालची एक वजा केली तर अक्षराच्या देहास चारच ओळी उरतात. ‘व’च्या पोटात एक रिकामे घर ठेवले, तर ‘ब’च्या पोटातील तिरपी रेघ काढण्यास जागा नाही, ते घर भरून टाकावे आणि त्यालाच ‘ब’ म्हणावे, एवढाच मार्ग राहतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतील भेद शिरोरेषेतील एखाद्या ठिपक्याच्या खंडावर येऊन ठेपतो. सोळा ओळी घेतल्या, आणि वर चार, शिरोरेषेला एक, देहाला आठ व खाली तीन अशी वाटणी केली, की लिपी मोकळा श्वास घेऊ लागते. धातूच्या खिळ्यांनाही ही मजल्यांची अडचण होतीच, आणि निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी पाडलेल्या टाइपाची कीर्ती आजही टिकून आहे ती ही अडचण त्यांनी सौंदर्याला बाध न आणता सोडविली म्हणून.

ठिपक्यांच्या देवनागरीवर आपल्याकडे काम झालेले नाही असे नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने कानपूरच्या आय. आय. टी.त आरंभिलेले जिस्ट तंत्र पुढे नेले, आणि संगणकात बसविण्याच्या एका कार्डाच्या योगे त्या काळच्या साध्या पडद्यांवर भारतीय लिप्या उमटू लागल्या. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवरील इंडिकेटर आज मराठी, हिंदी व इंग्रजी आळीपाळीने दाखवितात, आणि लक्षावधी माणसे ती ठिपक्यांची अक्षरे धावतपळत वाचतात. परंतु हे सारे गरजेपुरते काम झाले. केअर किंवा लिच्को यांनी जो जिव्हाळा रोमन अक्षरांना दिला तो देवनागरीच्या वाट्याला अद्याप पुरेसा आलेला नाही. रोमन टंकावर वरून एक आडवी दांडी ओढून ‘पिक्सेल देवनागरी’ म्हणून खपविण्याचे प्रकार भित्तिपत्रकांवर दिसतात, ते पाहून वाईट वाटते, कारण त्यांतील एकाही ठिपक्यामागे आपल्या लेखणीचा विचार नसतो.

म्हणून उपयोजित कलेच्या आपल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी सोळा ओळींचा आलेख-कागद घ्यावा आणि देवनागरी मुळापासून बांधावी. त्यात मराठीचा दोन गोलाईंचा ‘ल’ असावा, मराठी वळणाचा ‘श’ असावा, ‘ळ’ला त्याची हक्काची रुंदी मिळावी, ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ या शब्दांतील अर्धा ‘र’ दोन-तीन ठिपक्यांत नीट ओळखू यावा, आणि जोडाक्षरे कामचलाऊ पाय मोडून न लिहिता स्वतंत्र आरेखनाने घडवावीत. प्रत्येक अक्षर आधी कागदावर, मग पडद्यावर खऱ्या मापात आणि शेवटी दहा पावलांवरून वाचून पाहावे, आणि काम पुरे झाल्यावर तो टंक मुक्त परवान्याने सर्वांस खुला करावा.